जावयाचे ब्रेक

आमच्या मोटारीत एकच दोष होता. ती थांबत नसे.

बाकी गाडी गुणी होती. इंग्रजांच्या काळातली, काळी, गोल पाठीची. भंडाऱ्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी कंटाळून मला देऊन टाकलेली. सत्तरच्या दशकात मोहाडीच्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवत होतो, आणि मोटार असलेला मास्तर गावात मी एकटाच! मान माझी ताठच असायची. फक्त गाडी थांबवायची वेळ आली की ती खाली जाई. तिचे ब्रेक जुन्या पद्धतीचे, लोखंडी सळयांचे. पायाखालची पट्टी दाबली की एक सळई दुसरीला ओढायची, दुसरी तिसरीला, आणि तिसरी चाकाला निरोप द्यायची की जमलं तर थांब बाबा. चाकाला ते क्वचितच जमे. तहसील कचेरीशी उतरायचं असेल, तर मी बाजाराच्या अलीकडूनच ब्रेक दाबायला सुरुवात करत असे.

हे सगळं मोहाडीनं सोसलं. सासऱ्यांनी सोसलं नाही.

सासुरवाडी लाखनीची. घर उतारावर, दारासमोरून रस्ता, आणि रस्ता जिथं संपतो तिथं तलाव. गाडी घेतल्यावर पहिल्यांदा निघालो तेव्हा आधी पत्र टाकून कळवलं होतं (ही माझीच हौस). सासूबाई ताट घेऊन दारात, सासरे फेटा बांधून ओसरीवर, सगळी आळी रस्त्याच्या कडेला. मी ऐटीत हॉर्न वाजवला, ब्रेक दाबला आणि दोन्ही हात जोडून नमस्कार केला. नमस्कार करत करतच मी त्या सगळ्यांच्या पुढून निघून गेलो! माझी बायको विमल खिडकीतून ओरडत होती, "आई, आलोच व आम्ही!" आणि आम्ही तलावात गेलो. पाणी गुडघाभर होतं म्हणून निभावलं. पाण्यात बसलेल्या म्हशी उठून बाजूला झाल्या, तेवढा मान त्यांनी जावयाला दिला.

सासरे सावकाश चालत काठावर आले. म्हणाले, "जावईबापू, घर मांगं राह्यलं."

त्या दिवसापासून लाखनीत माझं नाव पडलं 'बिनथांब्याचे जावई'.

पुढं धाकट्या मेहुणीचं, कुसुमचं लग्न ठरलं. नवरदेव आसगावचा. बैठकीत सगळे पाहुणे पान खात बसलेले असताना मी घसा खाकरून जाहीर केलं, "नवरदेव माझ्या मोटारीतून मांडवात येईल!"

सासऱ्यांनी पान गालात सरकवलं.

"जावईबापू, नवरदेव मांडवात उतरवाचा आहे. तलावात नाई."

काय हसले सगळे! नवरदेवाचा बापही हसला, आणि त्याच्या हसण्यात थोडी काळजी होती. पण आतल्या दारातून कुसुम पुढं आली. तिनं सगळ्या मैत्रिणींना आधीच सांगून ठेवलं होतं की माझा नवरदेव मोटारीत बसून येणार. "बाबा, मले भाऊजीच्याच गाडीतून पायजे नवरदेव! सांगून देतो!" (आमच्याकडच्या पोरी लाडात आल्या की 'देतो' म्हणतात.) डोळ्यांत पाणी आणि आवाजात धमकी. सासरे विरघळले, पण पूर्ण नाही.

"ठीक आहे. मांडवाच्या दारात गाडी बरोब्बर थांबली, तं मी माह्या हातानं तुमच्या गळ्यात हार घालीन. नाई थांबली, तं याच्यापुढं लाखनीले एस्टीनं येत जा. तो डब्बा माह्या दारासमोर दिसला नाई पायजे."

डब्बा! माझ्या गाडीला डब्बा! माझं डोकंच फिरलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मामाजी, मी सळयांचे ब्रेक काढून तेलाचे ब्रेक बसवतो. घरच्या घरी. स्वतःच्या हातानं!"

"तेलाचे?"

"हो. नव्या गाड्यांना तेलाचेच असतात."

"म्हंजे लोखंडानं थांबत नाई, ते तेलानं थांबन? अजी, तेलानं तं घसरते!"

बैठक पुन्हा हसून लोटपोट. मी त्यांना द्रव दाबला जात नाही, तो दाब पुढं ढकलतो, हा सिद्धांत समजावून सांगितला. वर्गात पोरं जेवढं लक्ष देतात, तेवढंच लक्ष त्यांनी दिलं.

उन्हाळ्याची सुटी लागली आणि मी नागपूरच्या भंगार बाजारातून एका नव्या वळणाच्या गाडीचे सगळे ब्रेक पोत्यात भरून एस्टीच्या टपावर टाकून आणले. अंगणात बोरीच्या झाडाखाली पोतं उपडं केलं. विमल कमरेवर हात ठेवून उभी.

"हे काय होय?"

"ब्रेक-शू."

"शू? मंग सारे एकाच पायाचे कायले आणले?"

मी दुर्लक्ष केलं.

"अन् हे?"

"हा मुख्य भाग. यातून तेल चारी चाकांना जातं. मास्टर सिलिंडर."

"बाई! तुमच्या नावाचाबी भेटला का?"

तिथून पुढं आमच्या घरात त्या सिलिंडरला 'मास्तर'च म्हणू लागले, आणि तिथंच घोळ झाला. गाडी विटांवर चढवून, चाकं काढून, कानस मारून, नवी भोकं पाडून मी सगळं बसवलं. तेल भरलं. मास्टर सिलिंडर लगेच गळायला लागला. मी त्याच्याखाली परात लावून चहा प्यायला आत आलो. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या गिरजाबाईनं विचारलं, "काय म्हणते व विमलताई, झालं का काम?"

"कायचं काम बाई! मास्तर सकायपासून खालून गळून राह्यला. परात लावून ठेवली आता."

संध्याकाळपर्यंत आमच्या दारात रांग! कुणी बेलाचा मुरंबा आणला, कुणी ताक, कुणी दहीभात. "उन्हाची लागते अशी. बसून राहा मास्तर, उठू नोका!" मी गाडीखालून बाहेर येऊन सांगत होतो की मला काही झालं नाही, पण तेलानं काळा झालेला चेहरा पाहून लोक आणखीच हळहळत होते. खुद्द हेडमास्तर दह्याचं मडकं घेऊन आले आणि विमलला म्हणाले, "परातीपर्यंत गोष्ट गेली, मग डॉक्टरला का नाही दाखवलं?" गिरजाबाईनं तर एरंडीच्या तेलाची मोठी बाटलीच आणून ठेवली. "एकडाव सारं साफ होऊन जाऊ द्या, मंग आराम पडते." ती बाटली विमलनं फळीवर ठेवली. तिची गरज पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

सिलिंडरचा रबरी वायसर बदलला, गळती थांबली. लग्नाला एकच दिवस उरला. आता शेवटचं काम : नळ्यांमध्ये अडकलेली हवा काढायची. नाहीतर पाय दाबला की नुसती हवाच दबते आणि गाडी तलावाकडं निघते. हे काम एकट्याचं नव्हे. एकानं आत बसून पट्टी पायानं दाबून धरायची, दुसऱ्यानं खाली झोपून चाकामागचा स्क्रू ढिला करून हवा सोडायची. मी गाडीखाली शिरलो. विमल लुगडं सावरून माझ्या जागेवर बसली.

"दाबू?" ती.

"दाब!" मी.

"दाबलं!"

"आणखी जोरात! धरून ठेव!"

"किती वेळ धरू? पाय दुखून राह्यला माह्या!"

"सोडू नको! हवा निघून राहिली आहे! दाब! दाब!"

मोठी प्रगती चालली होती. पण कुंपणापलीकडं गिरजाबाई तांदूळ पाखडत होती. तिला गाडी दिसत नव्हती, फक्त आवाज ऐकू जात होता. तिनं सूप टाकलं आणि बोंब मारली, "अजी ऐकलं का! विमलताई मास्तरच्या नरड्यावर पाय देऊन उभी आहे! हवा निघून राह्यली त्याची!"

गिरजाबाईचा नवरा किसन तलावात मासे धरायचा. अंगानं धिप्पाड, मनानं लोण्यासारखा मऊ. तो खांद्यावरच्या जाळ्यासकट कुंपण तोडून आत घुसला आणि माझे बाहेर आलेले दोन्ही पाय धरून मला खसकन बाहेर ओढलं. "मास्तर! जिवंत आहा ना?" मी जिवंत होतो. पण माझ्याबरोबर ब्रेकच्या तेलाचा डबाही बाहेर आला, लवंडला, आणि होतं नव्हतं ते तेल अंगणातल्या मातीनं पिऊन टाकलं.

ब्रेकचं तेल मोहाडीत मिळत नसे. भंडाऱ्याची दुकानं त्या दिवशी बंद. नागपूरला जाऊन परत येईपर्यंत लग्न लागून पंगती उठल्या असत्या. विमल पायरीवर बसली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. "तिकडं कुसुमले तेल चढलं, हळद लागली. अन् इकडं गाडीचं तेल सांडलं! पोरीनं साऱ्या सयांना सांगून ठेवलं हो! अन् तुम्ही आता एस्टीतून उतरान पिशवी घेऊन!" ते चित्र माझ्या डोळ्यांपुढं आलं : मी, पिशवी, आणि ओसरीवर फेटा बांधून हसणारे सासरे.

आणि एकदम मला माझे काका आठवले. लढाईच्या वेळी त्यांनी लष्करी गाड्या चालवल्या होत्या आणि पुढं आयुष्यभर त्याच्या गप्पा मारून आम्हांला पिडलं होतं. त्या गप्पांमध्ये एक वाक्य असायचं : तेव्हाचं ब्रेकचं तेल म्हणजे काय, एरंडेल आणि स्पिरिट, बस्स!

"विमल! ती एरंडीची बाटली आण!"

"अजी, तुमचं पोट खरंच बिघडलं का काय?"

एरंडेल झालं. स्पिरिटचं काय? शाळेच्या प्रयोगशाळेत होतं, पण तिची किल्ली घेऊन शिपाई गावाला गेलेला. किसन अपराधी चेहऱ्यानं हे सगळं ऐकत उभा होता. तो घसा साफ करून हळूच म्हणाला, "मास्तर, स्पिरिट नाई आपल्यापाशी. पण स्पिरिटचा बाप आहे."

"म्हणजे?"

"मोहाची. पहिल्या धारेची."

दरवर्षी शाळेत 'दारूचे दुष्परिणाम' या विषयावर व्याख्यान देणारा मी! पोरांकडून हात वर करवून शपथ घेणारा मी! मी क्षणभर, फक्त क्षणभर, विचार केला आणि म्हणालो, "आण."

किसननं ती ओल्या गमछ्यात, वर दोन मासे ठेवून आणली. शास्त्रीय पद्धत म्हणून मी आधी चमच्यात थोडी घेऊन काडी लावली. निळी ज्योत! अस्सल! मग नरसाळं लावून एरंडेल आणि मोहाची एका बाटलीत ओतली, अंगठा लावून जोरजोरात हलवली, उजेडाकडं धरून पाहिली, आणि वास घेतला. त्या क्षणी दारात हेडमास्तर उभे होते. हातात दह्याचं दुसरं मडकं.

"सर," मी म्हणालो, "ही गाडीसाठी आहे."

हेडमास्तरांनी मडकं पायरीवर ठेवलं. "सगळे काही ना काही सांगतातच," असं म्हणून ते शांतपणे निघून गेले.

जाऊ दे! पुन्हा विमल पायपट्टीवर, मी खाली. या वेळी गिरजाबाईला आणि किसनला अंगणात समोर बसवूनच 'दाब-धर-सोड' केलं. सगळं अंगण मोहाच्या वासानं घमघमून गेलं. आणि काय सांगू, पट्टी दगडासारखी घट्ट झाली! चाकं चढवली, गाडी बाहेर काढली, गावच्या तलावाच्या बांधावर भरधाव नेली आणि पाय दाबला. गाडी जागच्या जागी उभी! विमलचं कपाळ पुढच्या फळीवर आपटलं. ती कपाळ चोळत हसत होती आणि रडत होती. "थांबली! अजी, सच्ची थांबली!" मीही रडलो असतो, पण किसन बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडूच्या माळा लावून निघालो. रस्ताभर उगाचच थांबत गेलो. कुत्रं दिसलं, थांबलो. झाड दिसलं, थांबलो. लाखनीच्या अलीकडं हमरस्त्यावर ट्रकांच्या गर्दीत एका हवालदारानं हात केला. त्याच्या बुटाच्या टोकाशी मी गाडी उभी केली, आणि शाबासकीची वाट पाहू लागलो. त्यानं नाक वर केलं.

"कोण पिलं?"

"कुणी नाही साहेब."

"मले शिकवता का? वास येऊन राह्यला! तोंड उघडा."

मी तोंड उघडलं. त्यानं वास घेतला. चहा. तो विमलकडं वळला, पण तिनं असं पाहिलं की तो तिथूनच परत फिरला. मग वास हुंगत हुंगत गाडीला चक्कर मारली, पुढच्या चाकाशी बसला, नाक लावलं, आणि पांढऱ्याफटक चेहऱ्यानं उठला.

"हे तं चाकं पिलेले आहेत! चाकाले कायले पाजता हो?"

"थांबावीत म्हणून!"

त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "माणूस पिला तं थांबत नाई, अन् तुमची गाडी पिल्याबिगर थांबत नाई! जा बाप्पा, जा. लग्नघर आहे."

नवरदेव शाळेत उतरला होता. त्याला बाशिंगासकट मागं बसवलं, पुढं वाजंत्री, आणि आम्ही उतारावर आलो. खाली जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव, मांडवाच्या दाराशी रस्त्यातच सासरे हातात हार घेऊन. आणि त्यांच्या मागं, तलावाच्या काठावर, दोराची गुंडाळी घेऊन उभे केलेले धट्टेकट्टे गडी! मला ते दिसले. नवरदेवालाही दिसले. त्यानं दोन्ही हातांनी माझी सीट धरली. वाजंत्रीवाले उतारावर गाडीच्या पुढून आपोआप बाजूला झाले. मी देवाचं नाव घेतलं, काकांचं घेतलं, किसनचंही घेतलं, आणि पाय दाबला.

गाडी थांबली. मांडवाच्या दाराला आडवी, बरोब्बर मधोमध! सासऱ्यांच्या धोतराचा सोगा बंपरला टेकलेला आणि सासरे जागचे हललेले नाहीत!

काय गलका उठला म्हणता! वाजंत्रीवाले बेभान. सासूबाईंनी आधी गाडीच्या चाकाला कुंकू लावलं, मग नवरदेवाला. कुसुम खिडकीतून मैत्रिणींना मोठ्यानं सांगत होती, "पाहा व! पाहा!" आणि सासऱ्यांनी नवरदेवाचा हार माझ्या गळ्यात घातला. "जावईबापू, हारलो मी!" एवढंच म्हणाले आणि मला मिठी मारली. विज्ञान जिंकलं होतं, मी जिंकलो होतो, आणि तो डब्बा तर कधीचाच जिंकला होता.

"बरं, आता गाडी बाजूले घ्या," सासरे म्हणाले, "वऱ्हाड आत येऊ द्या."

मी पट्टीवरून पाय काढला. पट्टी वर आली नाही. गाडी हलली नाही. मोहाची आतल्या रबरी वायसरांना चढली होती! ते फुगून बसले होते, आणि ब्रेक जे लागले ते सुटायला तयार नव्हते. वऱ्हाडानं ढकललं. तलावाच्या काठावरचे गडी दोर घेऊन आले. बैलजोडी लावली. गाडी आपली मांडवाच्या दारात, मधोमध, थांबलेली! ती दाराला आडवी, पुढं-मागं बांबू पक्के रोवलेले, माणूस सरकायला जागा नाही. मुहूर्त जवळ आला. शेवटी भटजींनीच वाट काढली : एका दारानं गाडीत चढायचं, दुसऱ्या दारानं मांडवात उतरायचं. सगळं वऱ्हाड तसंच आत गेलं. नवरदेव, वरमाई, वाजंत्रीवाले ढोलासकट, आचारी वांग्याच्या भाजीच्या घमेल्यांसकट. सगळ्यांना मोटारीत बसल्याचं पुण्य लाभलं आणि सगळ्यांच्या कपड्यांना मोहाचा वास लागला.

पाठवणीच्या वेळी कुसुमही तशीच बाहेर गेली. पलीकडं बैलगाडी उभी होती. माझ्या सीटपाशी ती थांबली, माझ्या पाया पडली आणि रडत रडत हसली, "भाऊजी, सांगितलं होतं ना मी? मोटारीतूनच गेली पाहा मी!"

मंडपाचे बांबू उपटले, पाहुणे पांगले, गाडी तिथंच. ब्रेक सोडवायला लागणारे वायसर नागपूरहून येईपर्यंत विमल आणि मी लाखनीतच मुक्काम ठोकून होतो. रोज गोडाचं जेवण, रोज नवी पंगत. सासरे ओसरीवर बसून, गाडी पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला कौतुकानं सांगत, "आमच्या जावयाची प्रगती पाहा. पह्यले येऊन थांबत नोते. आता जाऊनच नाई राह्यले!"